वयाचा रकाना

ताईच्या घरच्यांचं मे महिन्यात बर्लिनला यायचं पक्कं झालं तेव्हा मी सगळ्यात आधी एक एक्सेल शीट उघडलं. आमच्या धंद्यातल्या माणसाला दुसरं काही सुचतच नाही. दिवस, वेळ, ठिकाण, अंतर, तिकीट, शेरा असे सहा रकाने आखले. पाच दिवस आणि चार पाहुणे : ताई, भाऊजी, नुकतीच दहावीची परीक्षा देऊन मोकळी झालेली सोळा वर्षांची भाची आणि तेरा वर्षांचा भाचा.

खरं तर भाऊजींना ‘युरोप’ करायचा होता. बारा दिवस, सात देश, रोज रात्री जेवायला पनीर आणि दाल फ्राय. त्यावर भाचीने घरात मोठं भांडण केलं. तिला सोलला जायचं होतं, ते का ते ज्यांच्या घरात त्या वयाची मुलगी आहे त्यांना सांगायला नको. शेवटी तडजोड झाली की एकच शहर बघायचं, आणि मामा राहतो तेच बघायचं, म्हणजे हॉटेलचा खर्च वाचेल. इतक्या उदात्त कारणाने बर्लिन ठरलं.

भाऊजींनी व्हॉट्सअ‍ॅपवर सतरा ठिकाणांची यादी पाठवली. ब्रांडेनबुर्ग दरवाजा, राइशस्टागचा काचेचा घुमट, टीव्ही टॉवर, चेकपॉइंट चार्ली, म्युझियम आयलंड, पॉट्सडामचा राजवाडा वगैरे. मी ती शीटमध्ये भरली आणि सगळ्यांना दाखवायला व्हिडिओ कॉल लावला. भाचीने शांतपणे सगळी यादी वाचली आणि म्हणाली, “मामा, हे सगळं राजांचं नाहीतर सैन्याचं आहे. माझ्या वयाचं तिथे कुणी होतं की नाही?”

मी हसण्यावारी नेलं. पण रात्री झोप येईना, तेव्हा उठून शीटमध्ये सातवा रकाना वाढवला. त्यावर लिहिलं : वय.

पोरासोरांना घेऊन परदेशातली शहरं दाखवत हिंडण्याचा उद्योग काही आजचा नाही. सतराव्या-अठराव्या शतकात इंग्लंडमधले श्रीमंत लोक आपल्या मुलांना सोळाव्या-सतराव्या वर्षी एखाद्या मास्तरांबरोबर फ्रान्स-इटलीला धाडत. त्या प्रवासाला ‘ग्रँड टूर’ म्हणत आणि बरोबरच्या मास्तरांना चेष्टेने ‘अस्वलवाला’. अशा अस्वलवाल्यांपैकी एक होता अ‍ॅडम स्मिथ. १७६४ साली ग्लासगो विद्यापीठातली प्राध्यापकी सोडून तो सतरा वर्षांच्या ड्यूक ऑफ बक्लूला घेऊन फ्रान्सला गेला. वर्षाला तीनशे पौंड आणि नंतर तेवढीच तहहयात पेन्शन, म्हणजे पॅकेज उत्तम होतं. तुलूझला वेळ जाईना म्हणून त्याने तिथे एक पुस्तक लिहायला घेतलं. १७६६ मध्ये ड्यूकचा धाकटा भाऊ पॅरिसमध्ये आजारी पडून वारला आणि दौरा तिथेच संपला. दहा वर्षांनी ‘वेल्थ ऑफ नेशन्स’ आलं. त्यात स्मिथने स्वच्छ लिहून ठेवलं आहे की सतरा-अठराव्या वर्षी परदेशी पाठवलेला मुलगा एकविसाव्या वर्षी परततो तो जास्त गर्विष्ठ, जास्त उधळ्या आणि अभ्यासाला निकामी होऊन. पेन्शन मात्र त्याने सोडली नाही.

भाऊजींच्या यादीची वंशावळही सापडते. कोब्लेंझच्या कार्ल बेडेकरने एकोणिसाव्या शतकात प्रवासी मार्गदर्शिका छापल्या आणि त्यांत बघण्यासारख्या स्थळांपुढे तारे छापायला सुरुवात केली. कुठे थांबायचं आणि कुठून नुसतं पुढे जायचं हे तेव्हापासून छापील ताऱ्यांवर ठरू लागलं. आज ते तारे गूगलवर असतात, एवढाच फरक. मुलांना विचारून तारे द्यायची पद्धत तेव्हाही नव्हती.

माझा स्वतःचा इतिहास दहावीत संपला. सामाजिक शास्त्रात पंच्याण्णवच्या पुढे गुण होते, म्हणजे सनावळ्या पाठ होत्या. माणसं किती वर्षांची होती, हे कोणत्याच प्रश्नाच्या उत्तरात लिहावं लागलं नाही. इथे आलो तेव्हा घराच्या दारासमोरच्या फरसबंदीत पितळी तोंडाचे चार छोटे चौकोनी दगड होते. त्यांवरून मी दोन वर्षं रोज ऑफिसला गेलो. गुंटर डेम्निग नावाच्या कलावंताने नाझींनी मारलेल्या, हाकललेल्या माणसांच्या शेवटच्या राहत्या घरापुढे असे दगड बसवायला नव्वदच्या दशकात सुरुवात केली. दहा सेंटिमीटर लांब, दहा रुंद, वर ‘इथे राहत होते’ एवढं लिहून नाव, जन्मसाल, कुठे नेलं ते. वयाचा रकाना केल्यावर मी पहिल्यांदा खाली वाकून वजाबाकी केली. चौघांतलं एक माणूस नेलं तेव्हा सोळा वर्षांचं होतं.

त्यानंतर यादी वेगळीच होत गेली.

पहिला दिवस बेर्नाउअर रस्त्याचा. ऑगस्ट १९६१ मध्ये या रस्त्यावर विचित्र परिस्थिती झाली : एका बाजूच्या इमारती पूर्व बर्लिनमध्ये आणि त्यांच्या दारासमोरचा फुटपाथ पश्चिमेत. १३ ऑगस्टला सीमा बंद झाली. पुढची दारं खिळे ठोकून बंद केली, तशी माणसं खिडक्यांतून उड्या मारू लागली. पंधरा तारखेला कोनराड शुमान नावाचा पूर्वेचा शिपाई पहाऱ्यावरून धावत सुटला आणि काटेरी तारांच्या भेंडोळ्यावरून उडी मारून पलीकडे गेला. तो हवेत असतानाचा फोटो जगभर छापला गेला, तुम्हीही पाहिला असेल. मी तो शंभरदा पाहिला होता. हेल्मेट, बंदूक आणि बूट यांमुळे तो मला नेहमी बाप्या माणूस वाटायचा. त्याचं वय होतं १९. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असतात त्या वयाचा. १९९८ मध्ये त्याने आत्महत्या केली; हे शीटमध्ये लिहिलेलं नाही, भाचीने विचारलं तर सांगेन.

याच रस्त्यावर बावीस ऑगस्टला इडा झीकमान या बाईंनी आधी आपल्या गाद्या-उशा खाली टाकल्या आणि मग तिसऱ्या मजल्यावरून उडी घेतली. त्या वाचल्या नाहीत. वय ५८; दुसऱ्या दिवशी एकोणसाठ पूर्ण होणार होती. आमची आई बासष्टची आहे.

पण माझा जीव अडकला तो भुयारात. १९६४ मध्ये पश्चिमेकडच्या काही विद्यार्थ्यांनी या रस्त्यावरच्या एका बंद पडलेल्या बेकरीच्या तळघरातून खणायला सुरुवात केली. बारा मीटर खाली आणि तिथून आडवं १४५ मीटर, पूर्वेकडच्या श्ट्रेलिट्झर रस्त्यावरच्या एका घराच्या परसात निघेल असं. उभं राहता येणार नाही इतकं बुटकं. साधारण सहा महिने खणत होते. निघालेली माती बाहेर टाकली तर पूर्वेच्या टेहळणी मनोऱ्यांवरून दिसणार, म्हणून ती त्या बेकरीतच भरत गेले. ऑक्टोबरच्या दोन रात्रींत या भुयारातून ५७ माणसं रांगत पलीकडे आली, म्हणून त्याला ‘टनेल ५७’ म्हणतात. खणणाऱ्यांतला राइनहार्ट फुरर तेव्हा २३ वर्षांचा होता. हा पोरगा पुढे १९८५ मध्ये चॅलेंजर यानातून अंतराळात जाऊन आला. जमिनीखाली बारा मीटर ते अंतराळ, एका आयुष्यात. भाच्याला हे सांगितलं तेव्हा त्याने हातातला मोबाइल खाली ठेवला. आमच्याकडे हा मोठा पुरस्कार मानतात.

या गोष्टीला दुसरी बाजू आहे आणि तीही शीटमध्ये आहे. दुसऱ्या रात्री पूर्वेचे सैनिक परसात पोचले, गोळीबार झाला आणि एगोन शुल्ट्स मारला गेला. वय २१. शिक्षक व्हायचं शिक्षण घेतलेला मुलगा, सक्तीच्या नोकरीवर आलेला. पूर्व जर्मनीने त्याला हुतात्मा केला, भुयारवाल्यांना खुनी ठरवलं, शाळांना त्याचं नाव दिलं. भिंत पडल्यावर जुनी कागदपत्रं उघडली तेव्हा कळलं की त्याचा जीव घेणारी गोळी त्याच्याच साथीदाराच्या बंदुकीतून, अंधारात सुटली होती. सरकारला ते पहिल्यापासून ठाऊक होतं. तेवीस वर्षांचा खणतो आहे, एकवीस वर्षांचा पहारा देतो आहे आणि दोघांवर हुकूम चालवणारे पन्नाशी-साठीचे. वयाचा रकाना नसता तर मला हे दिसलंच नसतं.

तिथून चालत नॉर्डबानहोफ स्टेशनला जायचं. शहर तुटलं तेव्हा पश्चिमेच्या काही भुयारी गाड्यांचा मार्ग पूर्वेच्या पोटातून जात होता. गाड्या जात राहिल्या, पण पूर्वेकडच्या या स्टेशनांवर थांबायच्या नाहीत. मंद दिव्यात उभे पहारेकरी बघत बघत हळू पुढे जायच्या. ‘भूत स्टेशनं’ म्हणत त्यांना. नॉर्डबानहोफमध्ये त्याचं छोटंसं प्रदर्शन आहे, फुकट आहे आणि खाली उतरलं की गार वाटतं. मे महिन्यातल्या दुपारी, पाय दुखत असताना, या गोष्टी कुठल्याही ताऱ्यापेक्षा महत्त्वाच्या.

दुसऱ्या दिवसावरून ताईशी वाजलं.

त्या दिवशी शहराच्या मध्यभागी फिरायचं होतं. सकाळी राइशस्टागचा घुमट : पैसे लागत नाहीत, पण प्रत्येकाचं नाव आणि जन्मतारीख आधी कळवावी लागते. मग ब्रांडेनबुर्ग दरवाजा, फोटो, भाऊजी खूश. तिथून पाच मिनिटांवर ज्यूंचं स्मारक, २,७११ करडे काँक्रीटचे ठोकळे, २००५ मध्ये खुलं झालेलं. आणि तिथून जवळच, निवासी इमारतींच्या मधोमध, गाड्या लावायची एक साधी मोकळी जागा. खाली हिटलरचा बंकर होता. आता वर एक माहितीचा फलक आहे, बाकी काही नाही. शेजारच्या रस्त्याला गेरट्रूड कोलमार या ज्यू कवयित्रीचं नाव दिलं आहे. तिला १९४३ मध्ये आउशविट्झला पाठवलं गेलं.

हे ठिकाण मी भाच्यासाठी घातलं होतं. तो दिवसातून दोन तास दुसऱ्या महायुद्धातल्या बंदुका चालवतो, पडद्यावर. त्याच्यासाठी वयाच्या रकान्यात १२ लिहिलं होतं. मार्च १९४५ मध्ये हिटलरने आपल्या कार्यालयाच्या बागेत मुलांची रांग उभी करून त्यांना शौर्यपदकं दिली. त्याची फिल्म आहे. रांगेतल्या आल्फ्रेड चेक नावाच्या सायलेशियातून आणलेल्या मुलाच्या गालावर तो हात ठेवतो. तो मुलगा बारा वर्षांचा. पुढच्या महिन्यात याच शहराच्या रस्त्यांवर त्याच्यापेक्षा थोड्याच मोठ्या मुलांच्या हातात रणगाडाविरोधी नळकांडी देऊन त्यांना रशियन फौजेसमोर उभं केलं गेलं.

संध्याकाळी फ्रीडरिशस्ट्रासे स्टेशन. बाहेर फ्रांक माइस्लरचं शिल्प आहे, २००८ मध्ये बसवलेलं : एका बाजूला सामान घेऊन निघालेली दोन मुलं, दुसऱ्या बाजूला पाठ करून उभी असलेली पाच. नोव्हेंबर १९३८ च्या दंगलीनंतर इंग्लंडने ज्यू मुलांना आश्रय द्यायचं कबूल केलं. अट अशी की सतरा वर्षांपर्यंतची मुलं एकटी यायची, आईबाप नाहीत. एक बॅग, दहा मार्क, मौल्यवान वस्तू काही नाही. १ डिसेंबरला बर्लिनहून पहिली गाडी सुटली. युद्ध सुरू होऊन गाड्या थांबल्या तोपर्यंत साधारण दहा हजार मुलं पोचली होती. खुद्द माइस्लर १९३९ च्या ऑगस्टमध्ये याच स्टेशनातून गेला होता. दोन मुलं वाचलेल्यांची, पाच त्यांची जी दुसऱ्या गाड्यांत बसवली गेली.

ताईने शीट वाचलं आणि फोन केला. व्हिडिओ नाही, साधा. “तुला कळतं का रे? वर्षभर पोरीने क्लास आणि घर एवढंच पाहिलंय. चार दिवस हसायला नेतेय मी तिला. तू मेलेल्या मुलांची यादी काढून ठेवलीस.”

मी म्हटलं, तिनेच विचारलं होतं.

“तिने जिवंत विचारली होती.”

या वाक्यावर मला काही बोलता आलं नाही, अजूनही येत नाही. ताई माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठी आहे. मी शाळेत असताना माझ्या सहली, माझे डबे तिने बांधलेले आहेत. ती भित्री नाही. थोडं थांबून तिने विचारलं, “त्या आयांनी सोळा वर्षांच्या मुलीला एकटीला गाडीत बसवलं? परत दिसेल की नाही माहीत नसताना?” मी हो म्हटलं. “आणि मी हिला दोन चौक पलीकडच्या क्लासला स्कूटरवरून सोडते,” म्हणाली आणि फोन ठेवला.

मी दोन ठिकाणं काढून टाकली. ग्रूनेवाल्डचा सतरा नंबरचा प्लॅटफॉर्म काढला. तिथे रुळांच्या कडेने १८६ लोखंडी पट्ट्या आहेत, प्रत्येकीवर एका गाडीची तारीख, माणसांचा आकडा आणि गाव. झिमर रस्त्यावरचा पीटर फेश्टरचा खांबही काढला. अठरा वर्षांचा गवंडी, १९६२ मध्ये भिंत ओलांडताना गोळी लागली आणि जवळपास तासभर भिंतीच्या पायाशी रक्त वाहत पडून होता. दोन्हीकडचे शिपाई बघत राहिले. स्टेशनाबाहेरचं शिल्प ठेवलं, ते काढा असं ताईनेही म्हटलं नाही. मोकळ्या झालेल्या जागी म्युझियम आयलंड आलं. पेर्गामॉन संग्रहालय दुरुस्तीसाठी बंद आहे याचं भाऊजींना दुःख, पण शेजारी नेफरतितीचा अर्धपुतळा आहे आणि इथल्या सरकारी संग्रहालयांत अठरा वर्षांखालच्यांना फुकट सोडतात, हे ऐकल्यावर दुःख हलकं झालं.

तिसऱ्या दिवशीचं एक ठिकाण ताईसाठी. डालेम हा शहराबाहेरचा झाडीचा, बंगल्यांचा भाग. तिथे इह्नं रस्त्यावर बावीस नंबरची इमारत आहे. आज तिथे विद्यापीठाचा राज्यशास्त्र विभाग आहे. १९२७ साली ती बांधली गेली मानववंशशास्त्र आणि सुप्रजननाच्या संस्थेसाठी, प्रमुख ऑयगेन फिशर. आणि पुढच्याच काही महिन्यांत तिथे पुण्याहून एक मुलगी पीएचडी करायला आली : महर्षी कर्व्यांची सून, इरावती. बाविशी-तेविशीतली. विषय, मानवी कवटीच्या दोन बाजूंतली असमानता. फिशरला त्यात वंशांची उतरंड सापडेल अशी आशा होती. बाईंनी कवट्या मोजल्या आणि वंशाशी त्याचा संबंध दिसत नाही असं लिहून दिलं, त्याच्याच संस्थेत, त्याच्याच हाताखाली. पुढे १९३३ मध्ये फिशर बर्लिन विद्यापीठाचा रेक्टर झाला आणि त्याच्यामागून आलेल्या प्रमुखाला मेंगेले आउशविट्झहून नमुने पाठवू लागला. इमारतीच्या दाराशी याचा फलक आहे. २०१४ मध्ये या परिसरात खोदताना माणसांची हाडं सापडली. ती २०२३ मध्ये जवळच्याच दफनभूमीत पुरली.

‘युगान्त’ ताईच्या उशाशी असतं. ती फर्ग्युसनची, आणि दिनकर कर्वे फर्ग्युसनचे प्राचार्य होते, एवढ्यावर ती कर्वे घराण्याशी नातं सांगते. हे ठिकाण वाचून तिचा मेसेज आला : हे आधी का नाही सांगितलंस? मग दुसरा : त्या वेळी त्यांनी खायचं काय केलं असेल तिथे?

चौथा दिवस टेंपलहोफ. हे विमानतळ २००८ मध्ये बंद झालं आणि दोन वर्षांनी धावपट्ट्यांसकट लोकांना फिरायला खुलं केलं. जून १९४८ मध्ये रशियाने पश्चिम बर्लिनचे रस्ते आणि रेल्वे बंद केली. जवळपास वर्षभर कोळशापासून पिठापर्यंत सगळं विमानाने आलं. एप्रिल १९४९ मध्ये एका दिवसात जवळजवळ चौदाशे उड्डाणं झाली. म्हणजे मिनिटाला एक, चोवीस तास. मला यातलं वेळापत्रक बघून गहिवरून येतं, पण मुलांच्या कामाचा माणूस वेगळा आहे. गेल हॅल्व्हर्सन नावाच्या अमेरिकन वैमानिकाला कुंपणाशी मुलं उभी दिसली. त्याच्याकडे च्युइंगगमच्या दोनच कांड्या होत्या. त्या त्याने दिल्या. मुलांनी भांडण न करता तुकडे करून वाटून घेतल्या, ज्यांना मिळालं नाही त्यांनी नुसत्या कागदाचा वास घेतला. दुसऱ्या दिवसापासून तो उतरताना रुमालांच्या छत्र्यांना चॉकलेटं बांधून टाकू लागला. वयाच्या रकान्यात मी लिहिलं : ८ ते १४, जिवंत. ताईला कळावं म्हणून.

तिथे सायकली भाड्याने घेऊन धावपट्टीवरून हाणायच्या. बाकी काही करायचं नाही.

पाचवा दिवस मी खरेदी असं लिहून मोकळा ठेवला. व्हिसाच्या अर्जाला दिवसवार कार्यक्रम जोडावा लागतो. तिथे मी भाऊजींचीच सतरा ठिकाणांची यादी दिली. त्या कागदावर वयाचा रकाना नव्हता.

गेल्या आठवड्यात व्हिसे आले. त्या रात्री शीट उघडलं तर पाचव्या दिवशीच्या संध्याकाळी एक ओळ भरलेली होती. वेळ : ५ ते ९. ठिकाण : ठरवलं नाही, आम्ही दोघंच जाणार. शेरा : मम्मीला विचारलंय, ती आठ म्हणाली, मामा तू नऊ कर. वय : १६, १३.

मी नऊ तसेच ठेवले. तिकिटाच्या रकान्यात लिहिलं : ए-बी झोन, तिला पूर्ण, त्याला सवलतीचं, चढण्याआधी शिक्का मारायला विसरू नका.